कंडक्टरबाईंचा घास

माझी बायको एसटीत कंडक्टर आहे. तिला नोकरी लागली तेव्हा वरवंडमध्ये एकानं मला विचारलं होतं, "ती गाडीवर जाणार, मग तुमी काय करणार?" मी म्हणालो, "फुलं लावणार. आधीबी तेच करत होतो." माझी दोन एकर बागायत आहे. झेंडू, शेवंती, मधल्या दिवसांत मेथी-कोथिंबीर. तो माणूस हसला आणि मीही हसलो, पण मनातून मला तेव्हाच तिचा अभिमान वाटत होता. बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही, एवढंच.

ती वडगाव रासाईची. तिचे आजोबा मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. तिच्या वडिलांनी मेंढरं कमी करत आणली, भीमेचं पाणी उचलून शेती धरली आणि पोरीला शाळेत घातलं. त्यांच्या भावकीत बारावी झालेली ती पहिली मुलगी. कंडक्टरची परीक्षा तिनं लग्नानंतर दिली, माझ्या शेडमध्ये, फुलांच्या क्रेटवर पुस्तक ठेवून अभ्यास करून. आम्हाला मूल झालं नाही. बरेच दवाखाने केले, मग एक दिवस दोघांनी ठरवून थांबलो. घरात आम्ही दोघंच.

तिचा आवाज दणदणीत. मागच्या बाकावर झोपलेल्या माणसाला ती पुढच्या दारातून उठवायची. "यवतवाले, उठा! नंतर म्हणाल बाईनं सांगितलं न्हाई!" चाळीस माणसं चढली तरी कोणी तिकीट काढलं आणि कोणी खिडकीबाहेर बघत बसलंय, हे तिला न मोजता कळायचं.

दसरा-दिवाळीच्या दिवसांत मला डोकं वर काढायला फुरसत नसते. सगळा झेंडू त्याच पंधरा-वीस दिवसांत जातो. तीन वर्षांपूर्वी मी असाच सरीत वाकून फुलं तोडत होतो, तेव्हा बांधावर तिच्या गाडीचे ड्रायव्हर येऊन उभे राहिले. वयानं मोठे, रिटायरमेंटला आलेले, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते कधी शेतावर आलेले नव्हते.

"पाव्हणं, एक बोलू का?" ते म्हणाले. "बाईंकडं जरा बघा. डबा उघडत्यात, दोन घास चिवडत्यात, आन् बाकीचं स्टँडवरच्या कुत्र्याला घालत्यात. म्हैना झाला मी बघतोय."

मी म्हणालो, "डबा तर रोज रिकामा येतो."

"तेच सांगतोय की मी," आप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी ती ड्युटीवरून आली तेव्हा मी ताट वाढून ठेवलं होतं. सकाळचीच भाकरी आणि वांग्याची भाजी. तिनं माझ्याकडं बघितलं. मी ताट वाढतोय म्हटल्यावर तिला कळलंच. तिनं एक घास घेतला, खूप वेळ चावला, वर पाणी प्याली, आणि उठून मोरीकडं गेली. घास परत आला होता.

"इथं अडकतंय," तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं.

"कवापासनं?"

"गणपतीपासनं."

म्हणजे दोन महिने. दोन महिने ती माझ्यासमोर बसून भाकरी दुधात कुस्करत होती, दाढ दुखते म्हणत होती, घासागणिक पाणी पीत होती, आणि मी झेंडूच्या भावाचं बोलत होतो. मला तिच्यावर चिडायचं होतं. पण चिडण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं, आणि मी तर काहीच केलं नव्हतं.

दौंडला दुर्बीण घालून तपासणी झाली. डॉक्टरांनी अन्ननलिकेत गाठ दिसते म्हणून सांगितलं, तुकडा काढला आणि पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. पुण्याचे डॉक्टर शांत होते. मऊ बोलायचे. कागद पुढ्यात घेऊन ते सावकाश सुरुवात करणार, इतक्यात तीच म्हणाली, "कॅन्सर हाय का? सरळ सांगा. मी रोज चारशे माणसांशी बोलते, मला फिरवून बोललेलं लगेच कळतं."

"हो," डॉक्टर म्हणाले. "पण अजून बाहेर कुठं पसरलेला दिसत नाही. उपचार करता येईल असा आहे."

मग त्यांनी सवयींचं विचारलं. तंबाखू, दारू, काही? मी पटकन म्हणालो, "न्हाई हो, तसलं काहीच न्हाई."

"हाय," ती म्हणाली. "मिसरी लावते. बारा वर्षांची असल्यापासनं. दिवसातनं तीनदा."

मला मिसरी माहीत नव्हती असं नाही. पण आमच्याकडं बायकांची मिसरी व्यसनात धरतच नाहीत. तंबाखू भाजून, कुटून दात घासायचे, यात काय व्यसन, असं मीही समजत आलो होतो. डॉक्टर म्हणाले, "खरं सांगितलंत, बरं झालं. आजपासून बंद." तिनं पर्स उघडली, मिसरीची चपटी डबी काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "मग ही तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. घरी नेली तर हात जाईल." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही, पण ती डबी टेबलावर ठेवणाऱ्या हाताकडं मी बघत राहिलो.

उपचाराचा क्रम असा होता. आधी पाच आठवडे रेडिएशन, शनिवार-रविवार सोडून रोज. त्याच्यासोबत आठवड्यातून एकदा केमो. मग काही आठवडे विश्रांती आणि त्यानंतर ऑपरेशन. सगळं सांगून झाल्यावर डॉक्टर माझ्याकडं वळले. "तुमच्याकडं एक काम आहे. त्यांचं वजन घसरू द्यायचं नाही. अंगात ताकद राहिली तर पुढचं सगळं करता येईल." तोवर पातळ पाणीसुद्धा तिला कष्टानं जात होतं. नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली. तिचं जेवण आता त्या नळीतून जाणार होतं, आणि ते बनवायचं होतं मी.

मी तोवर गॅसवर चहापलीकडं काही केलेलं नव्हतं. हॉस्पिटलातल्या आहाराच्या मॅडमनी मला शिकवलं. नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीचं दाट पाणी, दूध, उकडलेलं अंडं मिक्सरमधून काढून, वर थोडं तेल. सगळं पातळ करायचं, फडक्यातून गाळायचं, कोमट करायचं. मोठ्या सिरिंजनं हळूहळू सोडायचं, आधी आणि नंतर पाण्यानं नळी धुवायची. दर दोन तासांनी. पहिल्याच दिवशी माझ्या नाचणीत गुठळ्या राहिल्या आणि नळी तुंबली. कोमट पाणी सोडून ती मोकळी व्हायला तास लागला. तेवढा वेळ ती भिंतीला टेकून बसली होती. शेवटी म्हणाली, "काळजी करू नका. आमची पन गाडी पहिल्या दिवशी घाटातच बंद पडली होती."

चार दिवसांनी तिचे वडील वडगावहून आले. मी त्यांना मामा म्हणतो. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, बोलणं कमी. पोरीच्या नाकातली नळी बघून ते तिथंच उंबऱ्यात बसले. नंतर आत येऊन त्यांनी मी नळीतून पाजताना बघितलं. वजन वाढवायच्या घाईत मी एका वेळी जास्त सोडत होतो आणि तिला उमासे येत होते.

"जावईबापू," मामा म्हणाले, "अशक्त कोकराला एकदम पाजत न्हाईत. थोडं थोडं, आन् त्याच्या मानानं. आपल्याला पाजायची घाई असती, त्याला जिरवायला येळ लागतो. त्याच्या डोळ्याकडं बघायचं. नको झालं की डोळा सांगतो."

त्या दिवसापासून मी सिरिंजच्या आकड्यांबरोबर तिच्या डोळ्यांकडंही बघायला लागलो. मामा आमच्याकडेच राहिले. फुलांना पाणी देणं, तोडणी करून घेणं, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. मी स्वयंपाकघरात आणि सासरा रानात, हे बघायला शेजारपाजारचे उगाच कारण काढून यायचे. एकजण म्हणालाच, "काय, बायकू झालास व्हय?" मी म्हणालो, "व्हय. तुमाला काय करून घालू?" तो पुन्हा आला नाही.

रेडिएशनला आम्ही रोज एसटीनंच जायचो. वरवंडहून हायवेला गाडी पकडायची, हडपसरला उतरायचं, तिथून रिक्षा. तिच्या डेपोतल्या लोकांनी आपसात काय ठरवलं होतं माहीत नाही, पण कोणतीही गाडी आली तरी पुढचा बाक आमच्यासाठी मोकळा असायचा. पहिल्या दिवशी घरातून निघताना मी तिला म्हणालो, "पदर घे की तोंडावरनं."

"का? चोरी केली का मी?"

ती तशीच गाडीत चढली. नळी नाकातून निघून गालाला चिकटपट्टीनं लावलेली. लोक बघायचे आणि नजर वळवायचे. पाटसहून बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला राहवलं नाही. "बाई, नाकाला काय झालं गं?"

"कॅन्सर झालाय आजी. नाकातनं जेवते. तुमी मिसरी लावता का?"

म्हातारीनं पदर तोंडाशी नेला.

"लावत आसाल तर सोडा," ती म्हणाली. तेव्हाही तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात होता. चौफुला आला, माणसं चढली-उतरली. नंतर मागून एका बाईनं हळूच विचारलं, "सोडल्यावर डोकं धरतं का वो?" आणि हडपसर येईपर्यंत माझी बायको तिला सांगत राहिली, की धरतं, आठ दिवस धरतं, चिडचिड होते, पण मग जातं.

फुलांच्या शेडमध्ये माझा वजनकाटा आहे, क्रेट ठेवून तोलायचा. दर सोमवारी ती त्याच्यावर उभी राहायची. पहिल्या सोमवारी वजन उतरलं, दुसऱ्या सोमवारी उतरलं, तिसऱ्याही. मी काहीही केलं तरी आकडा खालीच येत होता. मामा काट्याकडं बघायचे नाहीत. ते पाठ करून क्रेट रचत राहायचे.

चौथ्या आठवड्यात तिची लाळसुद्धा आत जाईना. छातीत आतून जळायचं. बोलणं थांबलं. एक दिवस गाडी यवतला थांबली तशी ती उठली आणि उतरली. मला वाटलं उलटी होतेय. मी धावत मागून उतरलो. ती थांब्यावरच्या बाकावर जाऊन बसली आणि गाडीला हातानं जा म्हणाली. गाडी गेली.

"बास झालं," ती म्हणाली. घशातून हवा निघावी तसा आवाज. "मला न्हाई जायचं. वडगावला न्या मला. नदीवर."

माझ्या तोंडाशी खूप गोष्टी आल्या. डॉक्टर काय म्हणाले, आता फक्त थोडेच दिवस उरलेत, लोक काय म्हणतील. पण त्यातली एकही तिला माहीत नसलेली नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो. पिशवीतून थर्मास काढला, वेळ झाली होती म्हणून तिथंच, रस्त्याच्या कडेला, थोडं थोडं करून तिला पाजलं. मग म्हणालो, "तू म्हणशील तिकडं जाऊ. वडगाव तर वडगाव. जी गाडी तुला पायजे तीत बसू."

दौंडकडं जाणारी गाडी आली. कंडक्टरनं ओळखून हात केला. ती उठली नाही. गाडी गेली. अर्ध्या तासानं दुसरी आली, तीही घराकडचीच. तिनं तिच्याकडं बघितलं, आणि बसून राहिली. ऊन चढलं होतं. समोर एक माणूस विकायला कलिंगडं रचत होता. ती बराच वेळ त्याच्याकडं बघत होती. मग पुण्याकडं जाणारी गाडी येताना दिसली आणि तिनं माझ्या गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उभं केलं.

"उठा," ती म्हणाली. "आपल्याला उशीर झाला की मशीनवाला चिडतो."

मी आजवर बऱ्याच धीट माणसांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. पण यवतच्या त्या बाकावरून माझी बायको ज्या गाडीसाठी उठली, तेवढं धीटपण मी स्वतः डोळ्यांनी दुसरीकडं बघितलेलं नाही. ती घाबरलेली नव्हती असं नाही. अर्ध्या वाटेत गाडीतून उतरण्याइतकी घाबरलेली होती.

रेडिएशन संपलं. घशाची आग हळूहळू कमी झाली. विश्रांतीच्या आठवड्यांत मी दर दोन तासांनी पाजायचं काम घड्याळ न बघता करायला लागलो होतो. एका सोमवारी ती काट्यावर उभी राहिली. मी आकडा बघितला, तिला उतरवलं, काटा रिकामा करून शून्यावर आणला आणि पुन्हा उभं केलं. तोच आकडा. मागच्या सोमवारपेक्षा अर्धा किलो जास्त.

"मामा," मी हाक मारली, "हिकडं या."

मामा आले. चष्मा नव्हता म्हणून त्यांना आकडा दिसेना. मी सांगितलं. त्यांनी पोरीकडं बघितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि सरळ शेवंतीत निघून गेले. अर्धा किलो म्हणजे काय? मी क्रेट तोलताना तेवढा झेंडू वरती सोडून देतो. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की हे होऊ शकतं. त्याआधी मी फक्त सांगितलेलं करत होतो. आशा म्हणून काही माझ्याजवळ नव्हती, ती त्या सोमवारी आली.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. अन्ननलिकेचा खराब भाग काढायचा, पोटाची पिशवी नळीसारखी करून वर ओढायची आणि मानेत जोडायची. तिनं आधीच कागदावर प्रश्न लिहून नेले होते. परत तोंडानं जेवता येईल का? येईल, कमी कमी आणि जास्त वेळा. परत ड्युटीवर जाता येईल का? वेळ लागेल, पण बहुतेक जाता येईल. आवाज राहील का?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आवाजाच्या नसा तिथून अगदी जवळून जातात. आम्ही जपू. पण शब्द देऊ शकत नाही."

तिनं कागदाची घडी घातली. "बरं," म्हणाली. "आधी जेवण बघा."

सकाळी तिला आत नेलं. मी आणि मामा बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. मामांनी घोंगडी मांडीवर घेतली होती. दुपार झाली, मी चहा आणला, तो तसाच गार झाला. एकदाच मामा बोलले. "मिसरी तिला माज्या आईनं लावली. दात दुखायचा पोरीचा. मी बघत होतो. म्या हटकलं न्हाई."

"मामा, मीबी वीस वर्षं बघितलं," मी म्हणालो.

मामांनी घोंगडीचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं, आणि आधीपेक्षा बरं वाटलं. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. टोपीचा वळ कपाळावर उमटलेला. "झालं," ते म्हणाले. "जसं ठरवलं होतं तसं झालं."

पुढचे दिवस सोपे नव्हते. छातीतून नळ्या, पोटातून एक नळी, तोंडाला कोरड. फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून तीन गोळ्यांचं एक खेळणं दिलं होतं, श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. पहिल्या दिवशी एक गोळी जेमतेम हलली. ती डोळे मिटून पुन्हा ओढायची. शेजारच्या खाटेवरचे काका स्वतःचं खेळणं हातात घेऊन तिच्याशी पैज लावायला लागले. तिसऱ्या गोळीला तिनं त्यांना हरवलं आणि जिंकल्याची दोन बोटं वर केली. आणि आवाज गेला होता. निव्वळ कुजबुज, तीही कान तोंडाशी नेला तर. जोड पक्का बसल्याची तपासणी झाली आणि एका सकाळी नर्सनं तिच्या हातात चमचाभर पाणी दिलं. तिनं ते तोंडात धरलं. खूप वेळ धरून ठेवलं. मग गिळलं. आम्ही सगळे तिच्या गळ्याकडं बघत होतो. पाणी गेलं. परत आलं नाही. तिनं माझा कान जवळ ओढला आणि कुजबुजली, "गार हाय."

चार महिन्यांत तिच्या तोंडावाटे गेलेलं ते पहिलं पाणी, जे खाली उतरताना अडलं नाही.

काढलेल्या भागाचा रिपोर्ट चांगला आला. कडा स्वच्छ, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींमध्येही कॅन्सर सापडला नाही. डॉक्टर म्हणाले, तपासण्या चालू ठेवायच्या, आणि विश्वास ठेवायला हरकत नाही. घरी आल्यावर सगळं नव्यानं शिकावं लागलं. दिवसातून आठ वेळा, वाटीभर. जेवल्यावर आडवं व्हायचं नाही. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली मी विटा लावल्या. एकदा कौतुकानं शेवयांची गोड खीर केली, ती खाऊन तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली. तेव्हा कळलं, की आता गोड जपून. मी माझी नाचणी-मुगाची विद्या घासांवर आणली. मऊ भात, पिठलं, उकडलेला भोपळा, अंड्याची भुर्जी. माझं पिठलं तिच्यापेक्षा चांगलं होतं असं मामा म्हणतात. ती हे मान्य करत नाही.

आवाज हळूहळू आला, पण पहिल्यासारखा नाही. घोगरा, मध्येच तुटणारा. व्यायाम दिलेले होते, ते ती शेवंतीच्या बांधावर उभी राहून करायची. कामावर रुजू झाली तेव्हा तिला काही महिने गाडीवर न पाठवता दौंड स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथं माईक आहे.

मी एकदा दौंडला फुलं पोहोचवायला गेलो होतो. तिला सांगितलेलं नव्हतं. स्टँडच्या कोपऱ्यावर उभा होतो, आणि कर्ण्यातून आवाज आला. घोगरा, खरखरीत. अमुक गाडी अमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी सामान सांभाळून चढावं. शेजारचा एक माणूस म्हणाला, "काय आवाज हाय, माइक बिघडला वाटतं." मी त्याला म्हणालो, "माइक चांगला हाय. ती माझी बायको हाय." एवढंच. पुढं काही सांगितलं नाही. पण मी ते इतक्या मोठ्यानं म्हणालो होतो, की तो माणूस दोन पावलं बाजूला सरकला.

आता ती पुन्हा गाडीवर असते. आप्पा रिटायर झाले, ड्रायव्हर नवीन आहे. डब्यात चार छोट्या वाट्या असतात आणि प्रत्येक फेरीनंतर ती एक उघडते, प्रवासी काहीही म्हणोत. सहा महिन्यांनी तपासणी असते. त्याच्या आधीचे आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांशी उगाच गोड बोलतो, म्हणजे भीती वाटत असते. रिपोर्ट हातात आला की पुन्हा भांडायला लागतो. दोन वर्षं असं चाललंय.

मागच्या महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी दारात एक माणूस उभा होता. माझ्याच वयाचा, पाटसच्या कारखान्यावर कामाला, बगलेत हॉस्पिटलची फाइल. त्याची बायको गाडीत बसून होती, गालाला नळी चिकटवलेली. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, की वरवंडला एक कंडक्टरबाई आहेत, त्यांना विचारा. माझी बायको बाहेर गेली, गाडीत त्या बाईशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेऊन बोलायला लागली. तो माणूस दारातच घुटमळत होता.

"बाईंना विचारायचं होतं," तो म्हणाला, "ते पाजायचं कसं… माझ्यानं नळी तुंबतीय."

ती गाडीतूनच म्हणाली, "ते मला न्हाई येत. ते त्यांना विचारा. मी निस्ती खाणारी."

मी त्याला आत स्वयंपाकघरात नेलं. फडकं काढलं, नाचणीचा डबा काढला, पातेलं ठेवलं. त्यानं खिशातून पेन आणि डायरी काढली.

मी म्हणालो, "लिहू नका. आधी हात धुवा."